आकाशगंगेचे बहुतरंगी दर्शन : दृष्टीची मर्यादा आणि ज्ञानाचा विस्तार

सारांश

आपली आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना एका फिकट, मध्येच काळवंडलेल्या पट्ट्याच्या रूपात दिसते. हे दर्शन केवळ दृश्य प्रकाशापुरते मर्यादित आहे. या एकाच साधनावर विसंबून काढलेले आकाशगंगेच्या आकाराविषयीचे आणि सूर्याच्या स्थानाविषयीचे निष्कर्ष दीर्घकाळ चुकीचे ठरले. रेडिओ, अवरक्त, अतिनील, क्ष-किरण व गॅमा किरण या तरंगलांब्यांतील निरीक्षणांनी हे चित्र कसे पालटले आणि प्रत्येक तरंगलांबी आकाशगंगेचा कोणता घटक उघड करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. एका साधनाला जे दिसत नाही ते अस्तित्वात नाही असे मानणे अशास्त्रीय होय, हा या विवेचनाचा गाभा आहे.

बीजशब्द : आकाशगंगा, तरंगलांबी, आंतरतारकीय धूळ, रेडिओ खगोलशास्त्र, अवरक्त प्रारण, धनू अ*

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातून पाहताना आकाशगंगेचा केंद्रभाग मध्यरात्री सर्वाधिक उंचीवर येतो तो जून महिन्याच्या अखेरीस. पुण्याच्या अक्षांशावरून तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४२ अंश उंच दिसावयास हवा. परंतु नेमके त्याच काळात आपले आकाश पावसाळी ढगांनी व्यापलेले असते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील पहाट किंवा ऑक्टोबरमधील सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ, एवढ्यावरच येथील निरीक्षकाला समाधान मानावे लागते.

अशा एखाद्या निरभ्र रात्री शहरी दिव्यांपासून दूर गेल्यास हंस तारकासमूहापासून गरुडामार्गे धनू आणि वृश्चिकापर्यंत पसरलेला दुधाळ पट्टा स्पष्ट दिसतो. नीट न्याहाळल्यास हा पट्टा मध्येच दुभंगल्यासारखा वाटतो. त्याच्या मधोमध एक काळी भेग लांबवर गेलेली दिसते. केंद्राची दिशा धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळच येते. नावाचा हा योगायोग लक्षणीय असला तरी तो योगायोगच होय. मात्र प्रत्यक्ष केंद्राच्या जागी डोळ्यांना विशेष तेजस्वी असे काहीच आढळत नाही.

येथे एक साधा प्रश्न उद्भवतो. त्या काळ्या भेगेत तारेच नाहीत, की ते कशाच्या तरी आड लपले आहेत? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास सुमारे दीड शतक लागले. ते उत्तर पुढील संशोधनाची दिशा ठरविणारे असल्याने या इतिहासापासूनच आरंभ करणे उचित ठरेल.

२. एकाच खिडकीतून पाहण्याचे परिणाम

विल्यम हर्शेल यांनी आकाशाच्या शेकडो भागांतील तारे दुर्बिणीतून मोजले आणि १७८५ मध्ये आकाशगंगेचा आराखडा प्रसिद्ध केला. तारे सर्वत्र सारख्याच अंतराने विखुरलेले आहेत आणि आपली दुर्बीण या तारकासमुदायाच्या कडेपर्यंत पोहोचते, ही त्यांची दोन गृहीतके होती. त्यावरून सूर्य जवळजवळ मध्यभागी असल्याचा निष्कर्ष निघाला. वृश्चिक राशीतील एक ताराशून्य जागा तर त्यांना आकाशाला पडलेले छिद्रच वाटली. पुढे एडवर्ड बर्नार्ड यांनी आकाशगंगेची असंख्य छायाचित्रे घेतली आणि १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या ठिपक्यांची सूची प्रसिद्ध केली. ही छिद्रे नसून प्रकाश अडविणारे पदार्थ असावेत, याकडे तोपर्यंत त्यांचा कल झुकला होता.

तरीही संपूर्ण आकाशगंगेचे मोजमाप करताना या अडथळ्याचा पुरेसा विचार झाला नाही. याकोबुस काप्टाइन यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात सूर्य पुन्हा केंद्राजवळच राहिला आणि आकाशगंगा प्रत्यक्षाहून बरीच लहान ठरली. याउलट हार्लो शेप्ली यांनी १९१८ मध्ये बंदिस्त तारकागुच्छांचा अभ्यास करून ते धनू राशीच्या दिशेने एकवटले असल्याचे दाखविले. यावरून केंद्र सूर्यापासून फार दूर आहे, हा त्यांचा निष्कर्ष योग्यच होता. मात्र त्यांनी काढलेला सुमारे ३ लाख प्रकाशवर्षांचा व्यास आज मान्य असलेल्या सुमारे १ लाख प्रकाशवर्षांच्या तिप्पट होता. अंतरमापनासाठी वापरलेल्या रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेतील त्रुटी हे याचे एक कारण होते. वाटेत होणारा प्रकाशाचा क्षय त्यांनी जमेस धरला नाही, हे दुसरे.

एकाच दुर्लक्षामुळे एका संशोधकाला आकाशगंगा लहान भासली, तर दुसऱ्याला मोठी, ही बाब विचार करण्यासारखी आहे. काप्टाइन यांना दूरचे तारे दिसलेच नाहीत, म्हणून त्यांनी तेथे सीमा मानली. शेप्ली यांना तारकागुच्छ मंद दिसले, म्हणून त्यांनी ते अधिक दूर मानले.

या कोड्याची उकल रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये केली. त्यांची पद्धत वर्गात सहज समजावून देता येण्याजोगी आहे. सुमारे शंभर खुल्या तारकागुच्छांची अंतरे त्यांनी त्यांतील ताऱ्यांच्या मंदपणावरून काढली. मग त्या अंतरांवरून व आकाशातील कोनीय विस्तारावरून प्रत्येक गुच्छाचा प्रत्यक्ष आकार काढला. तेव्हा जो गुच्छ जितका दूर, तितका तो आकाराने मोठा, असा चमत्कारिक निष्कर्ष आला. निसर्गाने सूर्यापासूनचे अंतर मोजून तारकागुच्छांचे आकार ठरविले असावेत, असे मानल्याखेरीज या निष्कर्षाचा अर्थ लागत नव्हता. ते अर्थातच असंभवनीय होते. म्हणजे अंतरेच चुकीची होती : वाटेतील पदार्थामुळे तारे मंद दिसत होते आणि म्हणून ते खऱ्याहून दूर वाटत होते. आकाशगंगेच्या प्रतलात सर्वत्र प्रकाश शोषणारी व विखुरणारी धूळ आहे, हे यावरून सिद्ध झाले.

या धुळीचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहूनही लहान असतात. आंतरतारकीय पदार्थाच्या एकूण वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. तरीही आकाशगंगेच्या केंद्राकडून आपल्या दिशेने निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे १ लाख कोटी कणांपैकी केवळ एकच आपल्यापर्यंत पोहोचतो. दुर्बीण कितीही मोठी केली तरी या मार्गाने केंद्र दिसणे व्यवहारतः अशक्य होते. त्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या प्रकाशाचा आधार घेणे क्रमप्राप्त होते.

३. तरंगलांबी आणि पदार्थाची स्थिती

दृश्य प्रकाश म्हणजे सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन या अरुंद पट्ट्यातील विद्युतचुंबकीय तरंग. रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतचे सर्व प्रारण मूलतः एकाच स्वरूपाचे असून भेद आहे तो तरंगलांबीचा. कोणता पदार्थ कोणत्या तरंगलांबीत प्रामुख्याने प्रकाशेल, हे बव्हंशी त्याच्या तापमानावर अवलंबून असते. वीन यांच्या नियमानुसार महत्तम प्रारणाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये काढावयाची असल्यास २,८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागावे. यावरून पुढील तक्ता तयार होतो.

तक्ता १ : तापमान आणि महत्तम प्रारणाची तरंगलांबी

| पदार्थ | तापमान (केल्विन) | तरंगलांबी (मायक्रॉन) | प्रारणाचा प्रकार |
|---|---|---|---|
| थंड आंतरतारकीय धूळ | २० | १४५ | दूर अवरक्त |
| मानवी शरीर | ३१० | ९.३ | मध्य अवरक्त |
| तांबडा तारा | ३,५०० | ०.८३ | निकट अवरक्त |
| सूर्याचा पृष्ठभाग | ५,८०० | ०.५० | दृश्य |
| उष्ण निळा तारा | ३०,००० | ०.१० | अतिनील |
| अतितप्त वायू | १ कोटी | ०.०००२९ | क्ष-किरण |

ही गणिते कृष्णपदार्थाच्या गृहीतकावर आधारलेली असल्याने विरळ वायूला ती ढोबळमानानेच लागू पडतात. तथापि त्यांतून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या प्रकाशासाठी अनुकूल असलेला आपला डोळा प्रामुख्याने तशाच पदार्थांची नोंद घेतो. अतिथंड आणि अतितप्त, असे दोन्ही प्रकारचे पदार्थ त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

यात वातावरणाच्या अडथळ्याची भर पडते. पृथ्वीचे वातावरण दृश्य प्रकाशाला आणि रेडिओ तरंगांच्या मोठ्या भागाला वाट देते. अवरक्त प्रारणाचे काही थोडे पट्टेच जमिनीपर्यंत पोहोचतात. बहुतेक अतिनील, क्ष-किरण व गॅमा किरण वरच अडतात. त्यामुळे रेडिओ खगोलशास्त्र जमिनीवर वाढले, तर इतर शाखांना फुगे, अग्निबाण आणि कृत्रिम उपग्रह यांची प्रतीक्षा करावी लागली. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून १०० सेंटिमीटर व्यासाची दूर अवरक्त दुर्बीण फुग्याच्या साहाय्याने उंचावर पाठवून अशी निरीक्षणे केली.

४. रेडिओ तरंग : थंड वायूचा नकाशा

आकाशगंगेचे पहिले अदृश्य रूप एका व्यावहारिक अडचणीतून उघड झाले. अटलांटिक महासागरापलीकडील रेडिओ-दूरध्वनी सेवेत खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की यांच्याकडे सोपविण्यात आले होते. सुमारे १४.६ मीटर तरंगलांबीवर चालणाऱ्या फिरत्या अँटेनाने त्यांनी गडगडाटी वादळांचे आवाज ओळखले. परंतु एक क्षीण सळसळ उरलीच. प्रारंभी ती सूर्याची वाटली. मात्र ती दर २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परतत होती. हा काळ नाक्षत्र दिनाचा होय. म्हणजे तिचा उगम सूर्यात नसून ताऱ्यांच्या जगात होता. १९३३ मध्ये जान्स्की यांनी हा स्रोत धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राकडे असल्याचे जाहीर केले. डोळ्यांना जेथे काहीच विशेष दिसत नव्हते, तीच दिशा रेडिओ तरंगांत सर्वांत प्रखर निघाली. दीर्घ तरंगलांबीवरील या प्रारणाचा मोठा भाग तापमानामुळे नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगानजीक फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे निर्माण होतो, हे पुढे कळले.

यानंतरचा टप्पा हायड्रोजनचा. हेन्ड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये असे भाकीत केले की, उदासीन हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनचे परिवलन उलटे झाल्यास २१ सेंटिमीटर तरंगलांबीचे प्रारण मिळावे. एखाद्या अणूच्या बाबतीत ही घटना आपोआप घडण्यास सरासरी सुमारे १ कोटी वर्षे लागतात. तथापि आकाशगंगेत हायड्रोजनचे अणू इतके अगणित आहेत की हा संकेत सतत मिळत राहतो. हॅरॉल्ड युएन व एडवर्ड पर्सेल यांनी तो १९५१ मध्ये प्रत्यक्ष टिपला. आंतरतारकीय धुळीचा या तरंगांना अडथळा होत नाही. शिवाय डॉप्लर परिणामामुळे वायू किती वेगाने जवळ येतो वा दूर जातो हेही कळते. त्यावरून १९५८ मध्ये यान ऊर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशगंगेतील हायड्रोजनचा विस्तृत नकाशा सादर केला आणि तिची सर्पिल रचना प्रथमच व्यापक प्रमाणावर रेखाटली गेली.

ताऱ्यांचा जन्म मात्र रेणवीय हायड्रोजनच्या थंड मेघांत होतो आणि हा रेणू १० ते २० केल्विन तापमानाला जवळजवळ काहीच प्रारण देत नाही. मृग नक्षत्रातील तेजोमेघात १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइडचे २.६ मिलिमीटर तरंगलांबीवरील प्रारण आढळले आणि या अडचणीतून मार्ग निघाला. कार्बन मोनॉक्साइड हा तेथील हायड्रोजनचा जणू साक्षीदार ठरला.

५. अवरक्त प्रारण : काळ्या भेगेचे तेजस्वी रूप

धुळीपार पाहण्याचा दुसरा मार्ग निकट अवरक्ताचा. २.२ मायक्रॉन तरंगलांबीवर केंद्राकडून येणाऱ्या प्रारणाचा सुमारे दहावा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. लाख कोटींत एक आणि दहांत एक, या दोन प्रमाणांतील तफावत लक्षात घेतल्यास या तरंगलांबीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एरिक बेकलिन व गेरी नॉयगेबाउअर यांनी या तरंगलांबीवर घेतलेली केंद्राची निरीक्षणे १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे आणि २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर या उपग्रहांच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा असल्याचे चित्र दृढ झाले. आपली दीर्घिका साध्या सर्पिल प्रकारची नसून दंडयुक्त सर्पिल आहे, हा बदल मुख्यतः अवरक्त निरीक्षणांनी घडविला.

दूर अवरक्तात तर आणखी मोठे परिवर्तन दिसते. धूळ ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेते. पण शोषलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. धूळ किंचित तापते आणि तीच ऊर्जा दीर्घ तरंगलांबीच्या प्रारणाच्या रूपाने परत देते. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने जवळजवळ संपूर्ण आकाशाचे असे सर्वेक्षण केले. दृश्य छायाचित्रात जी भेग काळी दिसते, तीच दूर अवरक्त चित्रात उजळून निघते. हर्शेल यांना जे छिद्र वाटले तशा प्रकारचे भाग वस्तुतः पदार्थाने सर्वाधिक भरलेले, नव्या ताऱ्यांना जन्म देणारे आहेत. दृश्य प्रकाशातील अंधार हा येथे अभावाचा नव्हे, तर विपुलतेचा पुरावा ठरतो.

६. उच्च ऊर्जेचे विश्व

अतिनील प्रारण उष्ण, अल्पायुषी ताऱ्यांची ओळख पटविते; परंतु धूळ ते दृश्य प्रकाशाहूनही अधिक शोषून घेत असल्याने आकाशगंगेच्या प्रतलात त्याची पोहोच मर्यादित राहते.

क्ष-किरणांचा इतिहास १९६२ पासून सुरू होतो. रिकार्दो जाकोनी व सहकाऱ्यांनी अग्निबाणातून पाठविलेल्या उपकरणाने वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. न्यूट्रॉन ताऱ्यावर त्याच्या सोबती ताऱ्यातील पदार्थ ओढला जाताना तो अतिशय तापतो, हे या स्रोताचे रहस्य होय. अशी ताराद्वये, अतिनवताऱ्यांचे अवशेष आणि लक्षावधी अंश तापलेला वायू, अशी आकाशगंगेची अशांत बाजू क्ष-किरणांतून प्रकट होते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा वेधशाळा १९९९ पासून या क्षेत्रात कार्यरत झाली. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटचे वैशिष्ट्य असे की, एकाच स्रोताचे अतिनील आणि क्ष-किरण निरीक्षण एकाच वेळी करण्याची सोय त्यात करण्यात आली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे आयुका यांचा या प्रकल्पात महत्त्वाचा वाटा आहे.

गॅमा किरणांत आकाशगंगेचे संपूर्ण प्रतल उजळलेले दिसते, कारण विश्वकिरणांतील वेगवान प्रोटॉन आंतरतारकीय वायूवर आदळत असतात. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून २०१० मध्ये एक अनपेक्षित रचना आढळली. केंद्राच्या वर व खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले दोन प्रचंड बुडबुडे तेथे होते. केंद्रात भूतकाळी घडलेल्या एखाद्या ऊर्जाप्रक्षोभाची ती खूण असावी, असे मानले जाते.

७. केंद्र : एक स्थळ, अनेक साक्षी

या सर्व पद्धतींचे परस्परपूरकत्व आकाशगंगेच्या केंद्राच्या अभ्यासात उत्तम प्रकारे दिसते. ब्रूस बॅलिक व रॉबर्ट ब्राउन यांनी १९७४ मध्ये तेथे एक अतिशय लहान रेडिओ स्रोत शोधला. त्यालाच पुढे धनू अ* हे नाव मिळाले. तो स्रोत म्हणजे काय, हे केवळ रेडिओ निरीक्षणांवरून ठरविता येत नव्हते. राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या स्वतंत्र गटांनी निकट अवरक्तात त्या स्रोताभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी एक तारा सुमारे १६ वर्षांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. या कक्षांवरून केंद्रस्थ वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट असल्याचे निष्पन्न झाले. एवढे वस्तुमान इतक्या लहान जागेत सामावणारी वस्तू महाकाय कृष्णविवरच असू शकते. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. पुढे १२ मे २०२२ रोजी त्याच कृष्णविवराच्या छायेची, १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर जगभरातील दुर्बिणी एकत्र जोडून मिळविलेली प्रतिमा प्रसिद्ध झाली.

या कथेत महाराष्ट्राचाही सहभाग आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीने धनू अ* हा स्रोत ५८० मेगाहर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेवर ओळखला.

८. काही मर्यादा

येथे तीन गोष्टींची नोंद घेणे आवश्यक आहे. पहिली, अदृश्य प्रारणांच्या चित्रांतील रंग हे वस्तूचे नैसर्गिक रंग नसतात. प्रारणाची तीव्रता किंवा ऊर्जा दर्शविण्यासाठी ते संशोधकाने नेमून दिलेले संकेत असतात. विद्यार्थ्यांना अशी चित्रे दाखविताना हा खुलासा अवश्य करावा. दुसरी, काही घटकांचे अस्तित्व अप्रत्यक्षपणेच कळते. कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजनचे प्रमाण काढताना जे गुणोत्तर वापरले जाते ते सर्वत्र सारखेच असेल असे नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, आकाशगंगेच्या परिवलनावरून काढलेले एकूण वस्तुमान सर्व तरंगलांब्यांत मिळून दिसणाऱ्या पदार्थाहून कितीतरी अधिक भरते. हा कृष्णपदार्थ अद्याप कोणत्याही प्रकारच्या प्रकाशात आढळलेला नाही.

९. समारोप

आकाशगंगेच्या बहुतरंगी निरीक्षणाने सूर्याला केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर, एका सामान्य स्थानी नेऊन ठेवले. हा बदल केवळ अधिक मोठ्या दुर्बिणींनी झाला नाही. प्रश्न वेगळ्या माध्यमातून विचारल्याने झाला. केवळ दरबारी कागदपत्रांवरून एखाद्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला रयत दिसत नाही, म्हणून रयत नव्हती असे होत नाही. साधनाची मर्यादा आणि वास्तवाची मर्यादा यांतील हा भेद सर्वच ज्ञानशाखांतील अध्यापकांना उपयुक्त ठरावा.

या दृष्टीने एक उपक्रम सुचवावासा वाटतो. ॲल्युमिनियमचे पातळ आवरण लावलेल्या पुठ्ठ्याचा शिंगाकृती अँटेना, कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि संगणकाला जोडता येणारा सॉफ्टवेअर रेडिओ ग्राहक एवढ्या सामग्रीवर आकाशगंगेतील हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा संकेत महाविद्यालयाच्या गच्चीवरूनही टिपता येतो. त्यासाठी रात्रीची आवश्यकता नाही आणि ढगांचाही अडथळा नाही. आषाढातील भरलेल्या आभाळाखाली, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, संगणकाच्या पडद्यावर आकाशगंगेची रेषा उमटताना पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही व्याख्यानाहून प्रभावी पाठ ठरेल.